जलपरीला मासळीचा वास का येत नाही?

दिवाळीच्या सुट्टीत माझी मावसबहीण चार दिवस चेण्याला आमच्याकडे राहायला आली होती. नववीत आहे. दप्तरात अभ्यासाचं एकच पुस्तक आणि जलपऱ्यांच्या तीन इंग्रजी कादंबऱ्या. मी मागच्या पडवीत नमुन्यांच्या बाटल्या धूत बसले होते. खाडीतल्या निवट्या होत्या, म्हणजे हाताचा वास दोन दिवस जाणार नाही हे ठरलेलंच. ती पायरीवर बसून वाचत होती. मधेच पुस्तकात बोट घालून म्हणाली, "ताई, ही अर्धी मासा आहे ना? मग हिला मासळीचा वास येत असेल ना गं?"

मी म्हटलं, "येत असेल की."

"मग पुस्तकात कुणीच कसं काही म्हणत नाही?"

मी हसून विषय टोलवला. हातातलं काम संपवायचं होतं. दोन दिवसांनी मावशीचा फोन आला तेव्हा कळलं की शाळेत एका मुलीनं नाक दाबून तिच्या शेजारी बसायला नकार दिला होता, आणि ही गोष्ट तिनं घरी पंधरा दिवसांनी सांगितली होती. मावशी मासळी विकते. पहाटे निघते, दुपारी येते. घर एका खोलीचं, शाळेचा गणवेश त्याच खोलीत वाळतो. म्हणजे तो प्रश्न काही सहज आलेला नव्हता.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "संशोधनाचा विषय सापडतो कसा?" मी प्रत्येक वेळी आधी काय वाचायचं, टिपणं कशी ठेवायची असलं काहीतरी सांगते. या वेळी मात्र एका प्रश्नाचा पाठलाग कसा झाला तेच लिहिते. प्रश्न माझ्या विषयातला नाही. माझा प्रबंध निवटीवर आहे. कादंबऱ्यांवर लिहायचा मला काही परवाना नाही. तरी लिहिते, कारण ती पुस्तकं ती इथेच ठेवून गेली आणि मी तिन्ही वाचली, एक तर दोनदा.

पुस्तकं अशी: हेलन डनमोरची 'इंगो' (2005), लुईस ओनीलची 'द सरफेस ब्रेक्स' (2018) आणि नताशा बोवेनची 'स्किन ऑफ द सी' (2021). पहिली इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर घडते, दुसरी आयर्लंडच्या, तिसरी पश्चिम आफ्रिकेच्या. तिन्ही किशोरवयीन वाचकांसाठी.

विज्ञान शिकलेल्या माणसाला असल्या पुस्तकांत पहिली हौस येते ती चुका काढायची. मीही तेच केलं. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते; डॉल्फिनची, ड्युगाँगची आडवी असते आणि वर-खाली हलते. चित्रांतली जलपरी मात्र खवले माशाचे आणि पोहणं डॉल्फिनचं, असा दोन्हीकडचा माल घेते. 'इंगो'मधल्या समुद्रवासी मेर लोकांना सीलसारखी शेपटी आहे. ते वाचून मी वहीत खूश होऊन लिहिलं, "हे बरोबर, सस्तन प्राणी, वर-खाली." मग तपासलं. बाहेरून कान न दिसणारे जे सील असतात ते मागचे पाय डावी-उजवीकडेच हलवतात, माशासारखे. म्हणजे चूक लेखिकेची नव्हती, माझी होती. पहिल्या टिपणावर कधीही विश्वास ठेवू नका, हे मी तुम्हाला शंभर वेळा सांगितलंय. स्वतःला एकदाही नाही.

असल्या चुका काढण्यातून पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही, हे मला दुसऱ्या वाचनात पटलं. शिवाय 'विज्ञानाच्या दृष्टीने' हा शब्द वापरून लोक काय काय करतात ते आपण पाहिलंय. 2022 मध्ये डिस्नेच्या नव्या 'लिटल मरमेड'ची झलक आली, नायिका कृष्णवर्णीय हॅली बेली. काही जणांनी लगेच युक्तिवाद केला की समुद्राच्या तळाशी ऊन पोचत नाही, म्हणून तिथली जलपरी पांढरी फटकच असायला हवी, हे शास्त्र आहे. शास्त्र नेमकं काय सांगतं? खोल पाण्यात तांबडा प्रकाश आधी शोषला जातो, त्यामुळे तिथे लाल रंगाचे आणि काळे प्राणी भरपूर. 2020 मध्ये खोल समुद्रातल्या 16 जातींच्या अतिकाळ्या माशांवर एक शोधनिबंध आला. त्यांच्या कातडीवर पडलेल्या प्रकाशातला अर्धा टक्कासुद्धा परत फिरत नाही. अंधारात लपायचं तर काळं असणं फायद्याचं. पण माझा मुद्दा हा नाही की काळी जलपरी 'शास्त्रीय' आणि गोरी अशास्त्रीय. मुद्दा असा की निष्कर्ष आधी ठरलेला होता आणि प्रकाशकिरण नंतर बोलावले गेले. आपल्याकडे प्रबंधांतही हे सर्रास होतं, फक्त तिथे कोणी रागावत नाही.

तेव्हा चुकांची यादी बाजूला ठेवली आणि दुसरा प्रश्न घेतला: पुस्तकानं स्वतःच जे नियम घातलेत, त्यांचं ते पुढे काय करतं?

इथे 'इंगो' बाकी दोघींच्या पुष्कळ पुढे आहे. सफायर नावाची मुलगी, तिचा भाऊ कॉनर. वडील एके रात्री होडी घेऊन जातात ते परत येत नाहीत. गाव मानतं बुडाले. मुलगी मानत नाही. जवळच्या झेनोर गावच्या चर्चमध्ये एक जुनं लाकडी बाक आहे, त्यावर जलपरी कोरलेली. बाक खरंच आहे, मध्ययुगातलं. दंतकथा अशी की मॅथ्यू ट्रेव्हेला नावाच्या गोड गळ्याच्या माणसाला जलपरी घेऊन गेली. डनमोर मुलीच्या वडिलांना तेच नाव देते. मग सफायरला फॅरो नावाचा मेर मुलगा भेटतो. नियम असा: त्याचं मनगट धरलं तरच तिला पाण्याखाली राहता येतं. पहिल्यांदा खारं पाणी आत जाताना आग होते, मग होत नाही. जसजशी ती वारंवार जाते तसतशी धरण्याची गरज कमी होते, आणि जमिनीवरचं जग जरा जास्तच कोरडं वाटायला लागतं.

हा नियम नुसता चमत्कार म्हणून नाही. वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी दोन गोष्टी एकदम कळतात. पाण्यात श्वास घेता येणं म्हणजे वडिलांच्या रक्ताची असणं, आणि म्हणजेच वडील आपल्याला सोडून स्वखुशीनं गेले असण्याची शक्यता. तिला बरं वाटतं त्याच क्षणी वाईट वाटायला हवं असतं. आईला समुद्राची भीती, आणि तिच्या आयुष्यात आता एक पाणबुड्या आलेला. मुलीला तो नको असतो. शेवटी त्याच माणसाला पाण्याखाली वाचवायची पाळी तिच्यावर येते. डनमोर हे सगळं समजावून सांगत बसत नाही. मनगट, मीठ, आग, एवढ्यावरच भागवते.

मला हे इतकं भिडलं त्याचं एक कारण माझी निवटी. आमच्या खाडीच्या चिखलात ओहोटीला बघाल तर टुणटुण उड्या मारताना दिसते, डोळे डोक्यावर. हा मासा पाण्याबाहेर तासन्‌तास राहतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो, कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेतो. पण कातडी ओली राहिली तरच, म्हणून सारखा चिखलात लोळतो. आणि काही जातींची मजा अशी की त्यांना पाण्याखाली कोंडून ठेवलं तर त्या गुदमरतात. मासा, आणि पाण्यात गुदमरतो! दोन्हीकडे राहता येणं म्हणजे दोन्हीकडे सुखी असणं नव्हे. दोन्हीकडे काहीतरी चुकतं करावं लागतं. सफायरचं अगदी तसंच होतं. कॉर्नवॉलच्या लेखिकेनं निवटी पाहिली असेल असं मला वाटत नाही, पण हिशोब तिला बरोबर कळलाय.

'द सरफेस ब्रेक्स'बद्दल माझं मत तितकं चांगलं नाही. ही अँडरसनच्या 1837 च्या कथेची नव्यानं केलेली मांडणी. मूळ कथा तुम्ही लहानपणी संक्षिप्त वाचली असेल तर पूर्ण वाचा. सुमती पायगावकरांनी अँडरसनच्या गोष्टी मराठीत आणल्यात. मूळ कथेत लग्नाचा गोड शेवट नाही. जीभ कापून द्यायची, पाय मिळतात पण प्रत्येक पाऊल सुरीवर टाकल्यासारखं, आणि राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो. ओनील ही वेदना अजिबात सौम्य करत नाही, आणि तिथेच पुस्तक सर्वांत चांगलं आहे: नायिकेचे रक्ताळलेले पाय, आणि तरी हसत नाचणं. मुलींना 'सुंदर दिसायचं तर सोसायला हवं' हे शिकवलं जातं, त्याचं याहून नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही.

अडचण बाकीच्या भागाची. समुद्राचा राजा हा बाप म्हणजे पुरुषसत्तेची व्याख्या चालती-बोलती. आईनं ठेवलेलं नाव पुसून मुलीला दुसरं नाव देणारा. प्रत्येक पात्र कोणत्या बाजूचं ते पहिल्या दहा पानांत ठरतं आणि पुढे हलत नाही. लेखिका म्हणते त्यातलं जवळपास सगळं मला मान्य आहे. पण निष्कर्षाचं प्रकरण आधी लिहून मग निरीक्षणं जमवलेल्या प्रबंधासारखं ते वाचताना वाटलं. काहीही सापडण्याची शक्यताच ठेवलेली नाही. बहिणीला मात्र तिन्हींत हीच जास्त आवडली. म्हणाली, "हिच्यात राग आहे." बरोबर आहे. तिला त्या महिन्यात राग हवा होता, आणि मला चौदाव्या वर्षी असं पुस्तक मिळालं असतं तर मीही उशाशी घेऊन झोपले असते. हे माझ्या मताच्या विरोधात जाणारं निरीक्षण आहे, म्हणून इथे नोंदवतेय.

तिसरी, 'स्किन ऑफ द सी'. नायिका सिमी ही मामी वाटा आहे, म्हणजे जलकन्या. येमोजा या योरुबा जलदेवतेनं घडवलेली. तिचं काम काय? गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात पडलेल्या, फेकलेल्या माणसांचे आत्मे गोळा करून त्यांना परतीच्या प्रवासाला पाठवायचं. पुस्तकाची पहिली काही पानं वाचून मी ते मिटून बसले. जलपरी म्हटलं की आपल्याला बुडणारा राजपुत्र आठवतो. इथे बुडणारा माणूस साखळीत आहे. एक मुलगा जिवंत सापडतो, ती त्याला वाचवते, आणि तेच तिचा गुन्हा ठरतं. येमोजाला गुलाम म्हणून नेलेली माणसं आपल्याबरोबर अटलांटिकपलीकडे घेऊन गेली. ब्राझीलमध्ये तिची आजही येमांजा म्हणून पूजा होते. म्हणजे लेखिकेनं ही देवता कुठून उसनी आणलेली नाही, ती समुद्रावरच होती.

पुढे पुस्तक जरा सैल होतं. इथून तिथे, तिथून पुढच्या ठिकाणी, एकेक अडथळा पार, असा मोबाइलमधल्या खेळासारखा प्रवास. पण ती पहिली पानं माझ्या डोक्यातून गेली नाहीत, आणि त्यांनी मला उलट्या दिशेनं आपल्याकडे आणलं.

आता वासाकडे. तिन्ही पुस्तकं परत चाळली. वास नाहीत असं नाही: मीठ आहे, ओली हवा आहे. पण हा वास नेहमी मोकळं करणारा असतो, घराची आठवण देणारा. या तिन्ही नायिकांना कुणी वासावरून लांब सरकवत नाही. शेपटीची किंमत आहे, आवाजाची आहे, पायांची आहे. वासाची नाही.

रसायनशास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर यात लेखिकांची फारशी चूक नाही, हे सांगायला हवं. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. त्याला स्वतःला वास नसतो. क्षारांचा तोल सांभाळायला आणि खोल पाण्याच्या दाबाखाली प्रथिनं टिकवायला तो कामी येतो. जितका मासा खोलातला तितकं त्याचं प्रमाण जास्त. त्यावरून 2014 मध्ये काही संशोधकांनी अंदाज बांधला की साधारण 8,200 मीटरच्या खाली मासे राहूच शकणार नाहीत. पुढे 2022 मध्ये जपानजवळ 8,336 मीटरवर एका माशाचं चित्रण झालं, म्हणजे अंदाज बराच जवळचा निघाला. वास येतो तो मासा मेल्यावर. जिवाणू या पदार्थाचं ट्रायमिथिलअमाइन करतात, आणि ते आपल्या नाकाला अगदी थोडंसुद्धा कळतं. आपण मासळीला कोकम, चिंच, लिंबू लावतो तेव्हा आम्लामुळे त्याचा क्षार बनतो, तो हवेत उडत नाही, वास कमी होतो. आजी हे रसायन न शिकता रोज करायची.

म्हणजे जिवंत जलपरीला मासळीचा वास येणारच नाही. तो वास समुद्राचा नाही. तो पकडण्याचा, वाहून आणण्याचा, बर्फ संपल्याचा, उन्हात पाटी घेऊन बसण्याचा वास आहे. कष्टाचा आहे असंही म्हणता येईल, पण ते वाक्य मला जरा नाटकी वाटतं. पहाटेच्या लोकलच्या मालडब्यात एकदा चढून बघा, शब्द लागणार नाहीत. आणि कादंबरीत वास नाही कारण कादंबरीतल्या समुद्रावर कुणी पोट भरत नाही. 'इंगो'त किनाऱ्यावरची माणसं आहेत, त्यांच्या पैशाच्या विवंचना आहेत, म्हणून तिथे हे निदान जवळून तरी जातं. बाकी ठिकाणी समुद्र म्हणजे राजवाडा.

इथवर आल्यावर डोक्यात लख्ख पडलं, आणि लाजही वाटली. मासळीच्या वासाची नायिका आपल्याकडे आहे की! मत्स्यगंधा. मी तीन परदेशी पुस्तकं दोनदा चाळली आणि हे आठवायला तीन आठवडे लागले.

महाभारताच्या आदिपर्वातली गोष्ट थोडक्यात. अद्रिका नावाची अप्सरा शापामुळे यमुनेत मासा होऊन राहते. उपरिचर वसू राजाचं वीर्य पाण्यात पडतं, ती ते गिळते. दहाव्या महिन्यात कोळी तिला पकडतात, पोटातून जुळी निघतात. अद्रिका शापातून सुटून निघून जाते. मुलं राजाकडे नेतात. मुलगा राजा ठेवून घेतो, पुढे तो मत्स्य नावाचा राजा होतो. मुलीच्या अंगाला मासळीचा वास, ती कोळ्याला दिली जाते. एकाच पोटातली दोन. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या आवृत्तीतही वासाचा हा उल्लेख मुलीला देऊन टाकण्याच्या त्याच वाक्यात येतो. मी तो श्लोक तीनदा वाचला. मग ती नाव चालवते, पराशर भेटतो, वास जातो, सुगंध येतो, योजनभर दरवळणारा. पुढे त्याच सुगंधानं शंतनू तिच्यापर्यंत पोचतो आणि ती हस्तिनापूरची राणी होते. अँडरसनची जलपरी माणसांत येण्यासाठी आवाज देते. आपली वास देते. राणी व्हायचं तर आधी तो गेला पाहिजे.

वसंत कानेटकरांनी 1964 मध्ये हिच्यावर 'मत्स्यगंधा' हे संगीत नाटक लिहिलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. आमच्या घरी त्यातली पदं रेडिओवर लागली की आजोबा हातातलं काम थांबवायचे. पदं सगळ्यांना ठाऊक, पण त्या नावात 'गंध' आहे तो मासळीचा, हे आपण गाताना विसरतो. मीही विसरले होते.

इथे संशोधन करणाऱ्यांसाठी एक खड्डा आहे, मीही त्यात पाय घातला होता. ट्रायमिथिलअमिन्यूरिया नावाचा एक आनुवंशिक विकार आहे. शरीरात हे रसायन मोडणारं विकर नीट काम करत नाही आणि घामाला, श्वासाला मासळीचा वास येतो. वैद्यकीय लेखांत त्याच्या इतिहासात मत्स्यगंधेचा दाखला येतो. वाचून मला वाटलं, सापडलं उत्तर! सत्यवतीला हा विकार होता. दोन पानं लिहिलीसुद्धा. मग लक्षात आलं की या उत्तरानं प्रश्नच मारून टाकला. कथेत वास मुलीला आहे आणि जुळ्या भावाच्या वासाबद्दल कुणी बोलत नाही. विकार मानला तर हे तपासायची गरजच उरत नाही. शिवाय ज्या मुलीला वर्गात शेजारी कुणी बसू देत नाही तिला तू आजारी आहेस असं सांगितल्यासारखं ते होतं. दोन्ही पानं काढली. ज्यांना खरंच हा विकार आहे त्यांचं दुःख वेगळं आणि मोठं आहे, त्यासाठी पुराणाची गरज नाही.

आणखी एक धागा. 'जलपरी' हा शब्द आपला म्हणतो, पण त्यातली परी फारसीतली, आणि मनात येणारं चित्र बहुतेक वेळा डेन्मार्कहून डिस्नेमार्गे आलेलं. आपल्या पाण्यात कोण राहतं? आसरा. साती आसरा. नदीच्या डोहावर, विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड महाराष्ट्रभर दिसतात. हिरव्या बांगड्या, ओटी, नारळ. आमची आजी चेण्याच्या नदीवर आम्हाला एकटं जाऊ द्यायची नाही. म्हणायची, भर दुपारी आसरा बोलावतात. नदी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून येते आणि घोडबंदरच्या खाडीला मिळते, पावसाळ्यात एका तासात चढते. तेव्हा आजीच्या बोलण्यात भीती आणि पाण्याची समज दोन्ही होती, वेगळी काढता येणार नाहीत अशी.

आसरा हा शब्द अप्सरेवरून आला असं मानतात. आणि अद्रिका कोण होती? अप्सरा. म्हणजे मत्स्यगंधा ही आसरेची मुलगी. हे मला सुचलं तेव्हा मी खाडीवर गुडघाभर चिखलात उभी होते आणि माझ्या हातून जाळं सुटलं.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव तुम्ही गणितात किंवा इतिहासात ऐकलं असेल. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितज्ञ होते, आणि पुण्याच्या आसपास पायी हिंडून अशाच देवींची ठाणी नोंदवत होते. 1962 मध्ये 'मिथ अँड रिअॅलिटी' हे त्यांचं पुस्तक आलं. ते दगड कुठे आहेत, कोणत्या जुन्या वाटेवर आहेत, पूजा कोण करतं, याच्या नोंदीतून ते प्रश्न विचारतात. त्यांचे सगळे निष्कर्ष आज टिकतात असं नाही, वादही आहेत. पण देवीला 'अंधश्रद्धा' म्हणून सोडून दिलं नाही आणि हात जोडून गप्पही बसले नाहीत. विज्ञानातून येऊन अशा विषयावर लिहायला मी घाबरत होते, तेव्हा त्यांचं पुस्तक टेबलावर ठेवून घेतलं. एका ज्येष्ठांना मी हा सगळा प्रकार सांगितला तर ते म्हणाले, "निवटी पूर्ण करा आधी." तेही खरंच आहे, प्रकरण चौथं अडकलंय.

मला आता त्या तीन कादंबऱ्यांशेजारी ठेवायला चौथी हवी आहे, मराठीत. आसरेच्या मुलीची, किशोरवयीनांसाठी. नाथांच्या गोष्टींत मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटी जन्मतात. 1819 च्या 'नवनाथ भक्तिसार'मधून ते घराघरात पोचले. माशाच्या पोटातून आलेला मुलगा नाथ होतो, दुसरा राजा होतो, आणि मुलगी वास घालवून राणी होते. वास न घालवता काय होते, ती गोष्ट कुणी लिहिलेली मला भेटली नाही. बोवेनच्या पुस्तकानं मला एक गोष्ट पटवली: जलकन्या हवी असेल तर ती जिथे माणसं बुडाली, जगली, राबली तिथूनच उचलावी लागते. घोडबंदरच्या किल्ल्याखालच्या खाडीत तेवढा ऐवज आहे.

नाताळात बहीण परत आली. मी तिला ओहोटीला खाडीवर नेलं. घाणीमुळे आता निवट्या पूर्वीसारख्या मिळत नाहीत, तासभर बसलो तेव्हा एक हाती लागली. ओल्या तळव्यावर धरून तिच्या नाकापाशी नेली. तिनं डोळे मिटून वास घेतला.

"चिखलाचा येतोय," ती म्हणाली. "मासळीचा नाही."

मग माझ्या पिशवीतली जुनी बाटली उघडून हुंगली, तोंड वेडंवाकडं केलं, परत निवटीचा वास घेतला. निवटी सोडून दिली. वही काढून तारीख लिहिली आणि मला विचारलं, "ओहोटी किती वाजता लागली होती?"